संकल्प, पिग्मी आणि नऊ अर्धवट कथा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेत क्लार्क आहे. वय ४३. मुलगा यंदा दहावीला, घरी सासूबाई, मिस्टर शेती आणि दुकान बघतात. लग्नाआधीपासून कथा लिहिते. दोन छापून आल्या, दुसरी २०१७ च्या एका दिवाळी अंकात. तेव्हापासून नऊ कथा सुरू केल्या, पुरी एकही नाही. यादी आणि पासबुकवाल्या आजींच्या कथेची पानं सोबत जोडली आहेत. या जानेवारीत साताऱ्याच्या साहित्य संमेलनाला एक दिवस जाऊन आले. इतकी माणसं, इतकी पुस्तकं बघून अंगात वारंच शिरलं. नवी डायरी घेतली आणि परतीच्या एसटीत पहिल्या पानावर लिहिलं : रोज पहाटे पाचला उठून एक हजार शब्द, वर्षअखेर कादंबरी. स्टेटसलाही टाकलं. एका व्हिडिओत ऐकलं होतं की २१ दिवस नेटानं केलं की सवय लागते. ५ जानेवारीला सुरुवात केली. चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी सहाशेच झाले. मग सासूबाईंचा खोकला, मग मुलाची सराव परीक्षा. १४ तारखेच्या पानावर तिळाचा भाव आणि हळदीकुंकवाच्या वाणाची यादी आहे. आज २० तारीख. हिशेबानं १६,००० व्हायला हवे होते, झाले ४,६००. म्हणजे ११,४०० ची बाकी, आणि ती रोज हजारानं वाढतेय. दिवसभर काउंटर. एसटी मला सव्वानवालाच उतरवते, पुढची धरली तर मस्टर चुकतं. घरी यायला सात. मिस्टर म्हणतात, ‘एवढं लिहून मिळतं काय?’ दरवर्षी हेच होतं. माझ्यात चिकाटीच नाही का? की नव्या वर्षाचे संकल्प करणंच सोडून द्यावं?

– थकबाकीदार

उत्तर

थकबाकीदारबाई, सप्रेम नमस्कार.

आधी ती डायरी मिटा आणि वाणसामानाच्या यादीसाठी ठेवून द्या, तिचं खरं काम तिला सापडलेलं आहे. ते ११,४०० शब्द मी माफ केले. कर्जमाफी समजा. पण ही माफी एकदाच हं, पुढच्या निवडणुकीची वाट बघू नका.

समर्थांच्या नावानं सांगितली जाणारी ती ‘दिसामाजी’वाली ओळ मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला ती पाठ आहे, आणि पाठ असून उपयोग झालेला नाही, हेच तर तुमचं पत्र आहे.

हा हजाराचा आकडा कुठून आला, ते आधी बघू. अमेरिकेत १९९९ साली काही मित्रमंडळींनी एक खूळ काढलं : एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी. पुढे ते जगभर पसरलं, दर नोव्हेंबरला लाखो लोक त्यात उतरत. हिशेब केला तर रोजचे १,६६७ शब्द होतात. ते चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण रोज अमुक शब्दांचं वेड मागे राहिलं आणि व्हिडिओवाल्यांच्या हाती लागलं. ते इंग्रजी शब्द आहेत, हे मात्र कुणी सांगत नाही. ‘नणंदेच्या घरच्यांनासुद्धा’ हे आपल्याकडे दोन शब्द. इंग्रजीत बोटांवर मोजा, सहा-सात होतील. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. म्हणजे तुमचे हजार मराठी शब्द हे त्यांच्या हजारांहून कितीतरी जास्त मजकूर झाले. तुम्ही चार दिवस ते केलंत, दहावीचा मुलगा आणि काउंटर सांभाळून. मला तर त्याचंच नवल वाटलं.

दुसरं, पहाटे पाच. पहाटे उठून लिहिणाऱ्या थोरांच्या कहाण्या आपण फार ऐकतो. एकोणिसाव्या शतकातला अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा आणि मग कामावर जायचा. वाचून आपल्याला आपली लाज वाटते. पण त्यानंच आत्मचरित्रात प्रामाणिकपणे हेही लिहून ठेवलंय की त्याला रोज उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता, त्या कामाचे तो त्याला वर्षाला पाच पौंड जादा देई, आणि आपल्या यशात सगळ्यात मोठा वाटा त्या नोकराचा. तुमच्या घरी पहाटे पाचला चहा कुणी टाकायचा? तुम्हीच. मग सासूबाई जागी होणार, त्यांना अर्धा कप. मग ‘उठलीच आहेस तर’ असं सुरू होणार. उठलेल्या बाईला घरात काम सापडतं, हे मी वेगळं सांगायला नको.

माझंच सांगते. बावीस वर्षं मी एका मासिकाच्या संपादकीय खात्यात काढली. डोंबिवलीहून लोकल. त्या गर्दीत, दारापासून चौथ्या सीटवर, मांडीवर पर्स आणि पर्सवर वही ठेवून जे लिहिलं, तेवढंच माझ्या नावावर आहे. निवृत्त झाल्यावर नव्या वर्षात ठरवलं, आता सगळा दिवस आपला, रोज सकाळी चार तास. टेबल घेतलं, खिडकीपाशी लावलं. फेब्रुवारीपर्यंत त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे होते. वर्षाअखेरीस एक लेख, तोही संपादकानं तीन फोन केले म्हणून.

आणि २१ दिवसांचं म्हणाल, तर ते एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून निघालेलं प्रकरण आहे. सवयीवर मोजमाप झालंय ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना जेवणासोबत फळ खाणं, रोज थोडं चालणं अशी साधी कामं लावून घ्यायला सांगितली. सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाचा अंदाज थेट २५४ पर्यंत गेला. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे : मध्ये एखादा दिवस हुकला तर त्यानं फारसं काही बिघडलं नाही. तुमचा खाडा पडला म्हणून तुमचं मोडलं नाही. खाड्याचे शब्द दुसऱ्या दिवसाच्या डोक्यावर टाकलेत, तिसऱ्या दिवसाच्या डोक्यावर दोन दिवसांचे टाकलेत, म्हणून मोडलं. चक्रवाढ कशी चालते ते तुम्ही काउंटरवर रोज लोकांना समजावता, आणि घरी स्वतःलाच ती लावून घेतलीत.

आता मुद्द्याचं. चिकाटी नाही का, असं तुम्ही विचारलंय. नऊ वर्षांत नऊ कथा सुरू करणाऱ्या बाईला चिकाटी नाही, असं मी म्हणणार नाही. लिहिणं तुम्हाला जमतं, अडतं ते संपवण्यापाशी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रोजच्या हजार शब्दांनी फक्त पहिली सुटते. उलट दुसरी बिघडते, कारण आकडा भरायचा असला की माणूस नवं सुरू करतो. नव्याच्या पहिल्या चार पानांत शब्द भराभर येतात. जुन्या कथेच्या अकराव्या पानावर ते येत नाहीत. तुमच्या त्या पाच दिवसांतले ४,६०० शब्दही दहाव्याच कुठल्यातरी गोष्टीचे असणार, पैज लावते.

म्हणून कादंबरी यंदा नको. वर्षभरात दोन कथा पुऱ्या करायच्या, बस. तिसरी झाली तर वरकड. आणि त्या दोन त्या नऊमधल्याच हव्यात.

आता पासबुकवाल्या आजींकडे येते, कारण मी तुमची ती पानं दोनदा वाचली. आजी दर महिन्याच्या पाच तारखेला वाडीवरून येते, पासबुक भरून घेते, जाते. खात्यात ना जमा ना नावे. पासबुक तिनं दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर दोन रबर लावलेले, एक लाल, एक बिनरंगी, आणि काउंटरवर ती ते उलगडते तेव्हा मागची रांग चुळबुळते. प्रिंटर कर्रकर्र करतो, नवीन ओळ काही उमटत नाही, तरी आजी पान डोळ्यांजवळ नेऊन बघते आणि ‘हाय की’ म्हणते. हे ‘हाय की’ तुम्ही कुठून आणलंत हो? मग एका महिन्यात ती येत नाही. दुसऱ्याही महिन्यात नाही. निवेदिका रविवारी एसटीनं वाडीवर जाते. शेवटचं वाक्य : ‘दाराला कुलूप नव्हतं.’

तिथून पुढे कोरं. पानावर तारीख आहे, गेल्या वर्षीचा मे. म्हणजे आठ महिने ती बाई त्या दारासमोर उभी आहे.

ती तिथे का अडली, ते मला वाटतं असं. आत कोण आहे, हे तुम्हाला ठरवता येत नाहीये, कारण जे ठरवाल त्यानं कथा बदलणार. आजी आजारी निघाली तर ती एक कणवेची कथा होते, अशा पुष्कळ येतात. सुनेनं दार उघडलं तर पैशाची कथा होते. आणि आजीनंच उघडलं, पण काउंटरच्या काचेच्या अलीकडे आलेल्या या बाईला तिनं ओळखलंच नाही, तर? मग ती कथा तुमची होते, निवेदिकेची. मी निवडणार नाही, तुम्ही निवडा. पण एक बघा. दोन वर्षं खातेदारानं काही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, हे तुम्ही दुसऱ्या पानावर एका ओळीत उरकलंय. तुमच्या रोजच्या कामातलं आहे म्हणून तुम्हाला ते किरकोळ वाटलं. वाचकाला ते माहीतच नाही. दर महिन्याला येणाऱ्या या आजीचं खातं कागदावर हळूहळू झोपत चाललंय आणि ते फक्त काउंटरवरच्या बाईला दिसतंय, हे दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात दडवून ठेवायची गोष्ट नाही.

तर तुमचं लिखाणाचं उद्दिष्ट शब्दांत मोजू नका. पहिलं उद्दिष्ट एवढंच : ते दार उघडणं. ते उघडलं की पुढचं उद्दिष्ट, ती परतीची एसटी पकडते का. नऊही अर्धवट कथांच्या शेवटच्या पानावर असा एकेक प्रश्न लिहून ठेवा, उत्तर नको. ज्या दोन प्रश्नांनी दळण-कांडण करताना मध्येच डोकं वर काढलं, त्या दोन कथा यंदाच्या. बाकी सात पेटीत. तिथे त्या सडत नाहीत.

(कथेत खऱ्या खातेदाराचं नाव, वाडी, रक्कम काही ठेवू नका, हे तुम्हाला माहीत आहेच. तरी संपादकीय सवयीनं सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आता कधी आणि किती.

एक जानेवारीला तुमचं कुठलं नवं वर्ष सुरू होतं? दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चालेल. तोवर घरात टीव्हीचा आवाजसुद्धा हळू. मग १९ मार्चला पाडवा. गुढी उतरवेपर्यंत मार्चएंड मानेवर बसलेला. वसुली, व्याज आकारणी, ताळेबंद. १ एप्रिलला ग्राहकांना बँक बंद, तुम्हाला नाही. तेव्हा ६ एप्रिलचा सोमवार धरा. त्याआधी संकल्प नको, घोषणा नको, शब्दसंख्या नको. फक्त एक छोटी वही पर्समध्ये. काउंटरवर ऐकलेलं एखादं ‘हाय की’ आलं तर टिपायचं, नाही आलं तर नाही.

६ एप्रिलपासून पिग्मी.

तुमच्याच धंद्यातला शब्द आहे. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ मध्ये ही ठेव काढली, रोजचे दोन आणे, बँकेचा माणूस दारात येऊन घेऊन जाणार. आज आपल्या गावच्या पतसंस्थांचा अर्धा जीव त्यावर आहे. पानटपरीवाला रोज वीस रुपये देतो. ते त्याला जड जात नाहीत, कारण रक्कम त्याच्या वाईट दिवसाच्या गल्ल्यावरून ठरवलेली असते. यात्रेच्या दिवशीचा गल्ला बघून पिग्मी ठरवली असती तर आठवड्यात बंद पडली असती. तुमचे हजार शब्द साताऱ्याच्या यात्रेच्या दिवशी ठरले होते, बाई.

तेव्हा रोजचे १५०. सोमवार ते शुक्रवार. दोनशे पानी वहीचं पाऊण पान, खाडाखोड धरून.

वेळ तुमच्या पत्रातच आहे, तक्रारीच्या ओघात तुम्ही ती सांगून गेलात. एसटी सव्वानवाला उतरवते. बँकेचं शटर पावणेदहाला वर जात असणार. चालायची पाच-सात मिनिटं सोडली तरी रोज वीस मिनिटं तुम्ही कुणाच्या नाहीत : ना सासूबाईंच्या, ना मॅनेजरच्या. आत्ता त्या वीस मिनिटांत काय करता? मोबाइल बघत असाल. तीच घ्या. स्टँडच्या बाकावर बसा किंवा बँकेच्या पायरीवर. घरातून एक मिनिट मागायला नको, कुणाच्या झोपेत जायला नको. एसटी वेळेवर आली नाही तर तो दिवस महामंडळाच्या नावे टाका आणि सोडून द्या.

वही मोबाइलपेक्षा बरी. हौसेखातर म्हणत नाही. मोबाइल उघडला की आधी ग्रुपवरचे सत्तावीस सुप्रभात दिसतात.

दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी. त्यातला एक घरच्या कामांना जाईलच, तो भांडून मिळवायचा नाही. दुसऱ्यावर दोन तास मागा, आणि त्या दोन तासांत नवीन लिहायचं नाही. वहीतलं टाइप करायचं, किंवा बोलून मोबाइलवर उतरवायचं, आणि मोठ्यानं वाचायचं. तुमचं गद्य कानाचं आहे, वाचल्यावर कुठे अडखळतं ते तुम्हाला लगेच कळेल.

पिग्मीला एजंट लागतो. तो आला नाही तर टपरीवाला स्वतः उठून पतसंस्थेत जात नाही. तुमचा एजंट कोण? मिस्टर नकोत, आणि स्टेटस बघणारी दोनशे माणसं तर मुळीच नकोत. त्यांनी लाइकचा अंगठा दाखवला की अर्धी कादंबरी लिहून झाल्यासारखं वाटतं आणि नंतर त्यांना तोंड दाखवायची चोरी होते. मला वाटतं शटर उघडणारे तुमचे शिपाईमामा सगळ्यात योग्य. त्यांना सांगून ठेवा, ‘मामा, रोज किल्ली लावताना मला विचारायचं, आजचं झालं का.’ काय झालं, कशाचं झालं, हे त्यांना माहीत असायची गरज नाही. ते विचारतील. शिपाईमामा लोक हे काम फार मन लावून करतात.

खाड्याचा नियम एकच : दुसऱ्या दिवशीही १५०च, ३०० नाहीत. लग्न, आजारपण, ऑडिट हे खाडे आधीच कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवा. गौरी-गणपतीचा आठवडाही. गणेशचतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला आहे. त्या दिवसांत मोदकाच्या उकडीचं चित्त विचलित करू नका.

आणि रोज उठताना वाक्य अर्धं सोडा. पान भरलं म्हणून सुटकेचा श्वास टाकून पूर्णविराम देऊ नका. दुधाला विरजण लावतो तसं उद्यासाठी चमचाभर ठेवायचं. सोमवारी सव्वानवाला बाकावर बसलात आणि वहीत ‘तिनं कडी वाजवली आणि आतून’ एवढंच असलं, तर पुढचे दोन शब्द सुचायला तुम्हाला मूड लागणार नाही.

आता हिशेब करा, तुम्ही माझ्यापेक्षा भराभर कराल. आठवड्याला ७५०. ६ एप्रिल ते १५ जुलै साधारण चौदा आठवडे. दहा हजारांच्या आसपास. चार आठवडे खाड्यांत गेले तरी साडेसात हजार. अडीच-तीन हजारांच्या दोन कथा त्यात बसतात, त्यातही आजींची अर्धी लिहून तयार आहे.

१५ जुलै का, तर दिवाळी अंकांमुळे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष दिवाळीला संपतं, डिसेंबरला नाही. मे-जूनमध्ये संपादकांची पत्रं निघतात. जुलैअखेर, फार तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत मजकूर हवा असतो. मग चित्रं, प्रुफं, जाहिरातींची रड, छपाई. दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या टेबलावर चार-पाच चांगल्या कथा येऊन पडत आणि आम्ही त्या हळहळत पुढच्या वर्षीच्या फाइलला लावत असू. पुढच्या वर्षी ती फाइल सापडायची नाही. वेळेवर आलेली बरी कथा उशिरा आलेल्या उत्तम कथेच्या पुढे जाते, हे मी तुम्हाला आतल्या गोटातलं सांगतेय.

यंदा तुम्हाला एक सवलतही आहे. अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. त्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच झालं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अधिकात लग्नं नाहीत. एरवी मे-जूनचे रविवार आपण हॉलमध्ये अक्षता घेऊन उभं राहण्यात घालवतो. यंदा पूर्ण महिनाभर कुणाची पत्रिका येणार नाही. माहेरी जावयाला अनारशांचं ताट द्यायला बोलावतील तेवढं एक, ते मिस्टरांना एकटं पाठवून बघा. मुलाची परीक्षा संपलेली, मार्चएंड संपलेला, शाळा उघडायच्या. असा महिना सहसा तीन वर्षांतून एकदा येतो. पहिल्या कथेचं पक्कं लेखन त्या महिन्यात करा.

पाठवताना एकाच अंकाला पाठवा, युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल, वर दोन ओळींचं पत्र. ‘मी एक सामान्य गृहिणी’ वगैरे लिहू नका. नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर पुढच्या अंकाला. दुसरी कथा रांगेत आहेच.

मिस्टरांचा प्रश्न चुकीचा नाही. खरं उत्तर असं की पैसे मिळत नाहीत. पुष्कळ अंक मानधन देतच नाहीत आणि जे देतात त्यात गॅसचा सिलिंडर येईल की नाही शंका. हे त्यांना सरळ सांगून टाका, वाद घालू नका. दुकानाच्या माणसाला तोट्याचा व्यवहार लपवलेला आवडत नाही, सांगितलेला चालतो. आणि कथा पुरी होईपर्यंत घरात कुणालाही वाचायला देऊ नका. अर्धवट कणकेवर मत विचारलं तर लोक पाणी जास्त झालं म्हणणारच.

मला उत्तर लिहायची घाई नाही, मुलाची परीक्षा होऊ दे, ताळेबंद जुळू दे. पण मेअखेरीस दोन ओळी टाका. शिपाईमामा विचारतात का, आणि दार कुणी उघडलं.